तारे जन्मतात त्या ढगांतलं चुंबकीय क्षेत्र: सोलापुरातून काय मोजता येईल?

जुळे_सोलापूर
एम.एस्सी. भौतिकीच्या दोन विद्यार्थिनींना सहा महिन्यांचा प्रकल्प द्यायचा आहे. विषय त्यांनीच निवडलाय: तारानिर्मितीत चुंबकीय क्षेत्राचा वाटा, आणि तो रेडिओ निरीक्षणांतून कसा मोजतात. हाताशी एक १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, १ टीबीची डिस्क आणि होटगी रोडला एक मोकळी गच्ची. गच्चीवर २१ सेंमी तरंगलांबीसाठीचा हॉर्न (शंकूसारख्या तोंडाचा अँटेना) उभा करून एखाद्या ढगातलं क्षेत्र मोजता येईल का? जमणार नसेल तर दुसरा रस्ता सांगा, पण आकड्यांनिशी.

अँटेनाकर
सर, गच्चीवरून हायड्रोजन दिसेल, क्षेत्र नाही दिसणार.

मोजायचं कशाने तर झीमन परिणामाने. उदासीन हायड्रोजनची रेषा १४२०.४०६ मेगाहर्ट्झला असते. क्षेत्र असलं की तिचे उजवं आणि डावं वर्तुळाकार ध्रुवण असलेले दोन घटक एकमेकांपासून सरकतात. सरकणं दर मायक्रोगॉसला २.८ हर्ट्झ. ढगात १० मायक्रोगॉस धरले तर २८ हर्ट्झ. आता रेषेची रुंदी बघा: या वारंवारतेला १ किमी/सेकंद म्हणजे ४.७ किलोहर्ट्झ, आणि आकाशगंगेतल्या हायड्रोजनची रेषा सहज १० किमी/सेकंद रुंद असते. म्हणजे ४७ किलोहर्ट्झच्या डोंगरात २८ हर्ट्झचं सरकणं शोधायचं. तुलनेला, आपल्या पायाखालचं पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.४ गॉस, म्हणजे ४ लाख मायक्रोगॉस.

१९५७ मध्ये बोल्टन आणि वाइल्ड यांनी ही कल्पना मांडली. पहिलं खात्रीचं मोजमाप व्हर्शूर यांनी १९६८ साली ग्रीन बँकच्या १४० फुटी दुर्बिणीने केलं. मधली अकरा वर्षं बऱ्याच जणांचे हात पोळले.

लघुलहर
अण्णा, निष्कर्ष बरोबर, पण कारण तुम्ही अर्धंच सांगितलंत. गोंगाटाचं गणित करून बघा. दोन घटकांतला फरक (स्टोक्स व्ही) म्हणजे बेरजेच्या (स्टोक्स आय) उताराला अर्ध्या सरकण्याने गुणायचं. हॉर्नला ५० केल्व्हिनची रेषा दिसते, तिचा उतार २० किलोहर्ट्झवर पसरलाय आणि क्षेत्र ५ मायक्रोगॉस आहे असं समजा. सरकणं १४ हर्ट्झ, त्याचं अर्धं ७. सात गुणिले पन्नास भागिले वीस हजार, म्हणजे १७ मिलिकेल्व्हिन. यंत्रणेचं तापमान १५० केल्व्हिन आणि चॅनेल ५ किलोहर्ट्झचा धरला तर पाच सिग्माला (गोंगाटाच्या पाचपट सिग्नलला) शंभरेक तास पुरतात. शंभर तास गच्चीवर कुणीही काढेल.

घोळ होतो तो खोट्या सिग्नलमुळे. उजव्या आणि डाव्या ध्रुवणाचे बीम (अँटेनाला दिसणारा आकाशाचा तुकडा) आकाशात तंतोतंत एकाच जागी बघत नाहीत. हॉर्नमध्ये ०.१ अंशाचा तिरळेपणा आहे असं धरा (घरगुती हॉर्नला हे फार चांगलं झालं), आणि आकाशगंगेत तिथे वेग दर अंशाला १ किमी/सेकंदाने बदलतोय. मग दोन ध्रुवणांच्या रेषा क्षेत्राशिवायच ४७० हर्ट्झने सरकलेल्या दिसतील. त्याला २.८ ने भागा: सुमारे १७० मायक्रोगॉसचं क्षेत्र, जे अस्तित्वातच नाही. शंभरचे हजार तास केले तरी हा आकडा हलत नाही, उलट जास्त ठाम दिसायला लागतो.

शिवाय हॉर्नचा बीम वीसेक अंशांचा. तेवढ्यात क्षेत्राची दिशा कितीदा तरी उलटते आणि बेरीज शून्याकडे जाते.

यंत्रमाग४२०
मग हॉर्न बांधूच नये का? मुली उत्साहात आहेत. तेलाचा १५ किलोचा डबा घेऊन करायचं ठरवलंय म्हणे.

अँटेनाकर
बांधा की, पण तो डबा नको. चौकोनी डब्याची बाजू साधारण २३ सेंमी असते. त्या मापात ९२० मेगाहर्ट्झच्या वर दुसरे मोडही (लहरींच्या वेगळ्या मांडण्या) आत शिरतात, म्हणजे १४२० ला अनेक मोड एकत्र चालतात आणि बीम वाकडातिकडा होतो. १५ सेंमी व्यासाचा गोल डबा घ्या. त्याची खालची मर्यादा ११७० मेगाहर्ट्झ, पुढचा मोड १५३० नंतर. आपली रेषा बरोबर मधे.

तांब्याच्या तारेचा प्रोब ५ सेंमीपेक्षा किंचित जास्त ठेवा आणि कानशीने थोडा थोडा घासत जुळवा. मागच्या भिंतीपासून अंतर ९.३ सेंमी. इथे सगळे चुकतात: हवेतल्या तरंगलांबीचा चौथा भाग ५.३ सेंमी येतो आणि तोच धरतात. डब्याच्या आत तरंगलांबी ३७ सेंमी होते, चौथा भाग तिचा घ्यायचा. पुढचं तोंड पत्र्याचं काम करणाऱ्याकडून शंकूसारखं ७० सेंमीपर्यंत उघडून घ्या. सांधे झाळून घ्या, नुसते रिव्हेट मारले तर फटीतून गळती होते.

लो नॉइज अँप्लिफायर थेट प्रोबच्या कनेक्टरवर. मधे दोन मीटर केबल टाकली की खेळ संपला. १४२० चा सॉ फिल्टर असलेलाच अँप्लिफायर घ्या, नाहीतर ९०० आणि १८०० चे मोबाइल टॉवर त्याला बसवून टाकतात. पुढे आरटीएल-एसडीआर (लॅपटॉपला लावायचा स्वस्त रेडिओ डोंगल), २.४ मेगासँपल वेगाने. त्यात ५०० किमी/सेकंदाची पट्टी मावते, आकाशगंगेला भरपूर झाली.

सोलापूरची खास अडचण म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या पत्र्याजवळ डोंगल भाजून निघतो, गेन सरकतो आणि क्रिस्टलही. १ पीपीएम सरकला तर वेगात ०.३ किमी/सेकंदाची चूक. थर्मोकोलच्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि निरीक्षण रात्री अकरानंतर करा. दर दहा मिनिटांनी हॉर्न जमिनीकडे वळवून ३०० केल्व्हिनची खूण घ्या. शेजारी एलईडी ड्रायव्हर किंवा ड्राइव्हवर चालणारा माग असेल तर पट्टीत कंगव्यासारखे दात दिसतात. मागाची सुट्टी बघून एक रात्र संदर्भासाठी धरा.

यातून आकाशगंगेच्या फिरण्याचा आलेख मिळतो, आणि आय म्हणजे काय, उतार म्हणजे काय हे हाताला कळतं. व्ही मात्र दुसरीकडून आणायचा.

निळा_ढग
तो दुसरीकडून असा आणता येतो. अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाचा जुना डेटा सार्वजनिक आहे, साधारण बारा महिन्यांनी खुला होतो. २०१० पूर्वीचा घ्या. तेव्हाच्या कोरिलेटरचा (अँटेनांचे सिग्नल एकत्र करणाऱ्या यंत्राचा) डेटा काहीशे एमबीत मावतो, नवीन डेटा शेकडो जीबीत जातो आणि १६ जीबी रॅमवर रडवतो.

लक्ष्य एम१७ घ्या, धनु राशीतला. ढगामागे प्रखर आयनित प्रदेश आहे, त्यामुळे २१ सेंमीची रेषा शोषणात खोल दिसते, आणि क्षेत्र शेकडो मायक्रोगॉस आहे. ५०० मायक्रोगॉसला सरकणं १४०० हर्ट्झ, म्हणजे ०.३ किमी/सेकंद. नवशिक्यांना एवढं मोठं लक्ष्य दुसरं मिळणं अवघड. वृषभेतले काळे ढग पहिल्या प्रकल्पाला घेऊ नका, तिथे हाताला काही लागत नाही.

कासा (रेडिओ डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल घालावं. क्रम असा:

इम्पोर्टव्हीएलए ने डेटा आत घ्या. प्लॉटएमएस मध्ये आरआर आणि एलएल (उजवं आणि डावं ध्रुवण) वेगवेगळे काढून बघा. एका ध्रुवणात खराब असलेला अँटेना दोन्हींतून काढा. फक्त आरआरमधून काढला तर त्या बेसलाइनचं (अँटेनांच्या जोडीचं) आर आणि एलचं वजन वेगळं पडतं, दोन्ही प्रतिमांचे बीम निराळे होतात आणि व्हीमध्ये कचरा येतो.

प्रवाहाचं प्रमाण ३सी२८६ किंवा ३सी१४७ वरून, सेटजेवायने. बँडपास (वारंवारतेनुसार बदलणारा यंत्रणेचा प्रतिसाद) आर आणि एलचा स्वतंत्र. इथे एक मेख आहे: कॅलिब्रेटरच्या दिशेलाही आपल्याच आकाशगंगेचा हायड्रोजन असतो, त्यामुळे शून्य वेगाजवळ त्याच्या बँडपासमध्ये खड्डा येतो. म्हणून जाणकार लोक कॅलिब्रेटर थोड्या सरकवलेल्या वारंवारतेवर, वर आणि खाली दोन्हीकडे, घेत. लॉगमध्ये तसे स्कॅन आहेत का बघा. नसतील तर तो डेटासेट सोडा.

गेनकॅल कॅलिब्रेटरवर चालवताना गेनटाइप 'जी'. पण लक्ष्यावर सेल्फकॅल (लक्ष्याच्याच प्रतिमेवरून कॅलिब्रेशन) करताना 'टी', म्हणजे दोन्ही ध्रुवणांना एकच उत्तर. तिथे 'जी' ठेवला तर प्रोग्राम दोन्ही ध्रुवणं ओढूनताणून सारखी करायला बघतो, आणि जे मोजायचं त्यालाच हात लागतो.

मग टीक्लीन (प्रतिमा बनवण्याची पायरी), स्टोक्स 'आयव्ही', चॅनेल मूळ रुंदीचेच. आय गुळगुळीत करून व्ही तसाच ठेवणं हा गुन्हा समजा. करायचं तर दोघांना सारखंच हॅनिंग (शेजारच्या चॅनेलांची सरासरी). वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस लावा, अर्धवट राहिलेल्या टीक्लीनची प्रतिमा नावं बदलून पुन्हा सुरू करण्यात दिवस जातो.

शेवटी प्रत्येक पिक्सेलवर फिट: व्ही = ए × आय + (२.८ ÷ २) × क्षेत्र × आयचा उतार. 'ए' ही ध्रुवणांतल्या गेनच्या फरकाची भरपाई. क्षेत्र मायक्रोगॉसमध्ये, उतार दर हर्ट्झला.

जुळे_सोलापूर
दोनने भागायचं की नाही यावर पुस्तकापुस्तकांत घोळ दिसतो. आणि क्षेत्र उणे आलं तर?

निळा_ढग
आय म्हणजे आर अधिक एल आणि व्ही म्हणजे आर उणे एल, किंवा दोन्ही निम्मे. कासा दोन्ही निम्मे देतं, त्यामुळे वरचं सूत्र जसंच्या तसं चालतं. एक निम्मा आणि दुसरा पूर्ण घेतला की क्षेत्र दुपटीने चुकतं.

चिन्ह: झीमनमध्ये अधिक म्हणजे क्षेत्र आपल्यापासून दूर जाणारं. फॅरडे परिवलनात (क्षेत्रातल्या आयनित वायूतून जाताना रेषीय ध्रुवण फिरतं, त्यात) अधिक म्हणजे आपल्याकडे येणारं. दोन्हींची तुलना करणाऱ्या तक्त्यात हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

लघुलहर
व्हीएलएलाही तिरळेपणा आहे हे सांगायला हवं. त्याचे फीड अक्षाच्या बाजूला बसवलेले, म्हणून आर आणि एल बीम त्यांच्या रुंदीच्या सुमारे ६ टक्के अंतरावर पडतात. २१ सेंमीला बीम अर्ध्या अंशाचा, म्हणजे फरक दोनेक कोनीय मिनिटांचा. एम१७ बीमच्या मधोमध असेल तर त्रास कमी, कडेच्या ढगांवर मात्र भरवसा नको. जुन्या निरीक्षणांत दर दहाएक मिनिटांनी आर आणि एलचे मार्ग अदलाबदल करायचा स्विच वापरत. त्याने पुढच्या इलेक्ट्रॉनिक्समधला फरक पुसला जातो, बीमचा नाही.

धूळकण
सगळे झीमनच्याच मागे लागलेत. दुसऱ्या मुलीला धुळीचं ध्रुवण द्या की. प्लँक उपग्रहाचे ३५३ गिगाहर्ट्झचे नकाशे मोफत आहेत, लॅपटॉपवर एका दुपारी उघडतात. धुळीचे लांबट कण क्षेत्राला आडवे बसतात, म्हणून ध्रुवणाची दिशा ९० अंशांनी फिरवली की आकाशाच्या प्रतलातली क्षेत्राची दिशा मिळते.

बळ काढायचं डेव्हिस (१९५१) आणि चंद्रशेखर-फर्मी (१९५३) यांच्या रीतीने. क्षेत्र जितकं बळकट, तितक्या रेषा कमी विस्कटतात. वापरायचं सूत्र: क्षेत्र = ९.३ × (घनतेचं वर्गमूळ) × रेषेची रुंदी ÷ कोनांचा विखुर. घनता दर घन सेंमीला हायड्रोजन रेणू, रुंदी किमी/सेकंद, विखुर अंशांत, उत्तर मायक्रोगॉसमध्ये. घनता १०,०००, रुंदी १, विखुर १२ अंश: ७७.५ मायक्रोगॉस. झालं.

लघुलहर
धूळकण, "झालं" म्हणायची घाई नको. ती घनता कुठून आणलीत? ढगाची खोली आपण अंदाजानेच धरतो. खोली चौपट चुकली की घनता चौपट, क्षेत्र दुप्पट. रुंदी कोणत्या रेणूची घ्यायची? कार्बन मोनॉक्साइडची घेतली तर बाहेरचा वायूही मोजला जातो, अमोनियाची घेतली तर फक्त गाभा. विखुर २५ अंशांच्या वर गेला तर सूत्रच लागू नाही. आणि प्लँकचा बीम ५ कोनीय मिनिटांचा. त्याच्या आतला विस्कट सरासरीत नाहीसा होतो, मग क्षेत्र फुगतं. या रीतीचं उत्तर दोन-तीन पट इकडेतिकडे धरूनच बोलावं.

धूळकण
मान्य. पण झीमन तरी काय देतं? फक्त आपल्या दृष्टिरेषेवरचा भाग. क्षेत्र आडवं असेल तर शून्य. आरेसिबो दुर्बिणीच्या ओएच (हायड्रॉक्सिल रेणू) सर्वेक्षणात (२००८) ३४ काळ्या ढगांपैकी ९ मध्येच खात्रीचं उत्तर मिळालं. बाकीच्या २५ मध्ये क्षेत्र नव्हतं असं कुणी म्हणेल का?

प्लँक करणाऱ्यांना दोन सूचना. रेषीय ध्रुवण क्यू आणि यू या दोन स्टोक्स आकड्यांत येतं; नकाशातल्या यू चं चिन्ह कॉस्मो संकेतात असतं, खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या संकेताच्या उलट. ते बदललं नाही तर सगळं क्षेत्र आरशात उमटतं. आणि कोनांची सरळ सरासरी काढू नका. १ आणि १७९ अंशांची सरासरी ९० येते, खरं उत्तर शून्य. आधी क्यू आणि यूची सरासरी, मग कोन. ध्रुवण तीन सिग्माच्या खाली असलेले पिक्सेल टाकून द्या.

यंत्रमाग४२०
आणि आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचं काय? ते सोडून अमेरिकेचा डेटा कशाला?

अँटेनाकर
खोडदची ती ३० अँटेनांची, ४५ मीटर व्यासाची यंत्रणा हायड्रोजनसाठी उत्तम. तिचा वरचा पट्टा १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे १४२० आत येतो. पण ओएचच्या १६६५ आणि १६६७ च्या रेषा बाहेर पडतात, आणि काळ्या ढगांचं झीमन बहुतेक ओएचवर चालतं (१६६५ ला ३.२७ हर्ट्झ दर मायक्रोगॉस, १६६७ ला १.९६). दुसरं, या पट्ट्यातले फीड रेषीय ध्रुवणाचे आहेत. मग व्ही हा एक्स आणि वाय यांच्या गुणाकाराच्या काल्पनिक भागातून काढावा लागतो. दोघांमधली फेज नीट बसली नाही की रेषीय ध्रुवण व्हीमध्ये गळतं. पहिल्याच प्रकल्पाला हे नको.

वेळेसाठी प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवतात, कुणीही देऊ शकतं. मुलींना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला नेऊन आणा, तेव्हा यंत्रणा लोकांसाठी उघडी असते.

जुळे_सोलापूर
क्षेत्र मिळालं, पुढे काय? तारा बनेल की नाही हे कसं सांगायचं?

लघुलहर
वस्तुमान आणि चुंबकीय प्रवाह यांचं गुणोत्तर काढायचं, लँबडा. स्तंभघनता (दर चौरस सेंमीला हायड्रोजन रेणू) गुणिले ७.६ × १०^−२१ भागिले क्षेत्र मायक्रोगॉसमध्ये. १ च्या वर आला तर एकटं क्षेत्र ढगाला कोसळण्यापासून थांबवू शकत नाही. खाली आला तर थांबवतं, आणि मग उदासीन कण क्षेत्रातून हळूहळू निसटेपर्यंत वाट बघावी लागते. मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये मांडलेली कल्पना तीच.

उदाहरण: स्तंभघनता २ × १०^२२, दृष्टिरेषेवरचं क्षेत्र २०. लँबडा ७.६. पण क्षेत्र आपल्याकडे तोंड करून असेलच असं नाही, आणि चपटा ढग तिरपा दिसला तर स्तंभघनताही जास्त भरते. सरासरीने तिनाने भागतात: २.५. कोसळेल. हा तिनाचा भागाकार शंभर ढगांना लागू, एका ढगाला नाही. अहवालात एकाच ढगाला तो लावून ठाम निष्कर्ष काढलेला दिसला की मला पुढचं वाचवत नाही.

चर्चेसाठी वृषभेतला एल१५४४ घ्या. ओएचवरून आरेसिबोने २००० मध्ये ११ मायक्रोगॉस दिले. २०२२ मध्ये चीनच्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने थंड हायड्रोजनच्या अरुंद स्वशोषणावरून ३.८ दिले, चूक फक्त ०.३. आकडे भांडत नाहीत: ओएच गाभ्याजवळचं सांगतो, हायड्रोजन बाहेरच्या आवरणाचं. गंमत अशी की ३.८ इतकं कमी क्षेत्र असेल तर आवरणच लँबडा १ च्या पलीकडे गेलेलं आहे. जुन्या चित्रात आवरण क्षेत्राने धरून ठेवलेलं असायला हवं होतं. इथे दुसऱ्या मुलीला अहवालाचं एक अख्खं प्रकरण मिळेल.

यंत्रमाग४२०
आयनमंडलाचं काय? दुपारी घेतलेला डेटा बाद का?

निळा_ढग
व्हीसाठी नाही. आयनमंडल रेषीय ध्रुवण फिरवतं, वर्तुळाकाराला फिरवत नाही. क्यू-यू घेऊन फॅरडे मोजणाऱ्यांनी चिंता करावी: २१ सेंमीला परिवलनमान ५० असेल तर कोन १२६ अंश फिरतो, त्यात आयनमंडलाचे दोन-चार अंक वेगळे काढावे लागतात.

जुळे_सोलापूर
ठरलं मग. एकीला एम१७, दुसरीला प्लँक आणि एल१५४४. हॉर्न दोघींनी मिळून. एक शंका: फिटमध्ये 'ए' ०.०२ आला तर चालेल का, की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं?

निळा_ढग
०.०२ म्हणजे आर आणि एलच्या गेनमध्ये ४ टक्के फरक. एकाच साध्या रेषेला चालतं, कारण आय मध्याभोवती सारखा असतो आणि उतार उलटा, ते एकमेकांत मिसळत नाहीत. एम१७ मध्ये मात्र दोन-तीन वेगांचे घटक एकमेकांवर चढलेत. तिथे 'ए'ची चूक थेट क्षेत्रात जाते.

म्हणून 'ए' फिटवर सोडू नका. सातत्य (रेषेखालचं सलग उत्सर्जन) वजा करण्याआधी, रेषा नसलेल्या चॅनेलमध्ये व्ही भागिले आय काढा. आयनित वायूच्या सातत्याला वर्तुळाकार ध्रुवण नसतं, त्यामुळे तिथे जे काही येईल तोच 'ए'. तो बांधून मग क्षेत्र काढा. दोन्ही रीतींनी आलेलं क्षेत्र चुकीच्या मर्यादेत जुळलं तर नकाशा काढा, नाही जुळलं तर तो पिक्सेल कोरा सोडा.